पहिली बॅकपॅकिंग ट्रिप: नेपाळ की व्हिएतनाम?

पुढेमागे जगभर फिरायचंय, सध्या हातात तीनेक आठवड्यांची सुट्टी आहे आणि सुरुवात कुठून करावी ते ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. युरोपचा खर्च आणि शेंगेन व्हिसाची कागदपत्रं पाहिली की यादीतली बरीच नावं आपोआप गळतात. मग नेपाळ आणि व्हिएतनाम यांवर गाडी अडते. दोन्ही देश स्वस्त म्हणून ओळखले जातात, दोन्हीकडे पाठीवर सॅक घेऊन हिंडणाऱ्यांची वाट चांगली मळलेली आहे. पण तिथले दिवस एकमेकांसारखे अजिबात नसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. एकटे निघणार असाल तर व्हिएतनाम. तीन-चार जणांचा ट्रेक करणारा ग्रुप असेल आणि सुट्टी दिवाळीची असेल, तर दुसरा विचारच करू नका, नेपाळ.

पोचण्याच्या बाबतीत नेपाळचा हात कुणी धरू शकत नाही. आपल्याला व्हिसा लागत नाही; पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. विमानाने जायचं नसेल तर मुंबईहून कुशीनगर एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून सुनौलीला जाऊन सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडे पोखऱ्याची बस धरायची. थकवणारा प्रवास आहे, पण देश बदलतो कसा हे जमिनीवरून बघायला मिळतं, आणि वाटेत लुंबिनी आहेच. पैशांचा हिशेबही सोपा: एका भारतीय रुपयाला १.६ नेपाळी रुपये, हा दर ठरलेलाच आहे.

व्हिएतनामला ई-व्हिसा लागतो. ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशाचे २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५०. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, कारण हुबेहूब तसंच दिसणारी आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेणारी दलालांची पानं शोधात आधी वर येतात. आणि नावाकडे नीट लक्ष द्या. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. अर्जात ते जसंच्या तसं, त्याच क्रमाने भरा. मधलं नाव गाळलं की विमानतळाच्या काउंटरवर अडवायला कारण मिळतं.

आता खर्च. नेपाळ स्वस्त हे खरं, पण ते ग्रुपसाठी जास्त खरं. २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड सोबत घ्यायचा असा नियम आहे. गाइडचे रोजचे पंचवीस-तीस डॉलर चौघांत वाटले तर काहीच नाही, एकट्याच्या बजेटला मात्र ते भोक पाडतात. अन्नपूर्णा भागाचा परवाना सार्क देशांतल्या लोकांना १,००० नेपाळी रुपयांत मिळतो, इतर परदेशी लोकांना ३,००० पडतात. टी-हाउसमध्ये (ट्रेकच्या वाटेवरच्या साध्या लॉजमध्ये) खोली स्वस्त, पण जेवण तिथेच घ्यायचं हा अलिखित करार. जसजसं वर जाल तसतसा चहापासून सगळ्याचा भाव चढतो, आणि ते रास्तच आहे. तिथली साखरेची पिशवीसुद्धा खेचराच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून आलेली असते. व्हिएतनाममध्ये डॉर्ममधली (अनेकांनी मिळून राहायच्या खोलीतली) खाट पाच-सात डॉलरच्या आसपास मिळते, रस्त्याकडेच्या बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पोटभर जेवता येतं आणि रात्रीच्या स्लीपर बसने एका मुक्कामाचे पैसेही वाचतात. बसमध्ये चढताना बूट काढून पिशवीत घालायचे असतात, आणि उंच माणसाला ती खाट आखूड पडते. नोटा मोजताना सावध राहा: डाँग हे तिथलं चलन, आणि २०,००० डाँगची आणि ५,००,००० डाँगची, दोन्ही निळ्या. अंधारात टॅक्सीचे पैसे देताना घोटाळा हमखास तिथेच होतो.

चालण्याबद्दल जरा सविस्तर, कारण आपल्याकडचे लोक इथेच चुकीचा अंदाज बांधतात. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना पून हिलच्या वाटेवरच्या उलेरी गावाच्या तीन हजारांवर दगडी पायऱ्यांचं भय नाही. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे. पून हिल ३,२१०, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० आणि अन्नपूर्णा सर्किटवरचा थोरुंग ला ५,४१६ मीटर. तिथे दम पायांमुळे लागत नाही, हवेमुळे लागतो. तीन हजारांच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि सर्किटवरच्या मनांग गावी (३,५४० मीटर) एक जादा मुक्काम करावा. भराभर गड सर करणारी मंडळी नेमका हाच मुक्काम गाळतात. डोकं दुखतंय, मळमळतंय, तर वर जायचं नाही. वाढलं तर खाली उतरायचं. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे आणि त्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे वाचूनच पैसे भरा. हे सगळं पाळलंत तर पहाटेच्या उन्हात माछापुच्छ्रेचं दुहेरी शिखर उजळताना जे वाटतं, त्याच्या तोडीचं व्हिएतनामकडे काही नाही.

व्हिएतनामची ताकद वेगळी आहे: तो देश तुम्हाला रोज निर्णय घ्यायला लावतो. हनोई ते हो ची मिन्ह सिटी हा १,७२६ किलोमीटरचा रेल्वेमार्ग म्हणजे फिरण्याचा कणा. कुठेही उतरा, आवडलं तर राहा. ह्वे ते दा नांग हा टप्पा मात्र दिवसाच करा, आणि दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी घ्या. हाय वान घाटात रूळ समुद्राला लागून जातात. होई आन या जुन्या गावाजवळ मी सन इथे चाम राजांची (मध्य व्हिएतनामच्या जुन्या हिंदू राज्याच्या राजांची) शिवमंदिरं आहेत. त्यांच्या जतनाचं काम भारतीय पुरातत्त्व खात्याने केलंय आणि २०२० मध्ये तिथे नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. उत्तरेतल्या हा जियांग या डोंगराळ भागात बाइक स्वतः चालवण्याचा मोह होईल. पण आपलं आंतरराष्ट्रीय लायसन्स रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या करारानुसारचं, व्हिएतनाम मानतो १९६८ चा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. स्थानिक चालकाच्या मागे बसून जा, तिथल्या मा पी लेंग घाटाची दरीही मग डोळे भरून बघता येते.

शाकाहारी असाल तर नेपाळमध्ये प्रश्नच नाही. डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढतात. व्हिएतनाममध्ये भाजीतही माशाचं सॉस पडतं, म्हणून ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेली पाटी शोधायची. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले अनेक लोक स्वतःच शाकाहार पाळतात, त्यामुळे शहरांत अशी दुकानं बरीच सापडतात.

राहिलं हवामान, आणि पुष्कळदा तेच निकाल लावतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात नेपाळचं आकाश धुतल्यासारखं असतं, तेव्हाच मध्य व्हिएतनाममध्ये मुसळधार पाऊस असतो आणि होई आनच्या गल्ल्यांत पाणी शिरतं. मे महिन्याच्या सुट्टीत उलटं: नेपाळात धुरकटामुळे शिखरं झाकलेली, तर दा नांगचा समुद्र शांत आणि निळा. दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) सुमारास नेपाळच्या बसमध्ये जागा मिळत नाही. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात कधीतरी येणाऱ्या तेतमध्ये (व्हिएतनामी नववर्षात) व्हिएतनामची दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या असतात. तेव्हा तिकिटं काढायच्या आधी त्या वर्षीच्या या दोन्ही सणांच्या तारखा बघून घ्या.