संगणकाची सफाई: विंडोजची स्वतःची साधने की वेगळा क्लीनर?

घरचा संगणक दोन-तीन वर्षांनी जड चालू लागला की साधारणपणे दोन पर्याय समोर येतात. विंडोजबरोबरच येणारी 'डिस्क क्लीनअप', 'स्टोरेज सेन्स' आणि 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' ही साधने नियमाने वापरावीत, किंवा हे सगळे एका बटणावर करून देणारा वेगळा क्लीनर बसवावा. मी सुमारे दीड वर्ष क्लीनर वापरला आणि त्यानंतरची चार वर्षे केवळ विंडोजची साधने वापरत आलो आहे.

क्लीनरची सोय नाकारता येणार नाही. सर्व ब्राउझरांची कॅशे (साइट लवकर उघडावी म्हणून साठवलेल्या फाइल्स), तात्पुरत्या फाइल्स आणि संगणकासोबत सुरू होणारे प्रोग्रॅम एकाच खिडकीत दिसतात. विंडोजची साधने मात्र विखुरलेली आहेत. डिस्क क्लीनअप उघडल्यावर जी यादी दिसते ती अपुरी असते. 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' हे बटण दाबल्यावरच जुन्या अपडेटचा साठा आणि आधीच्या विंडोजची प्रत त्या यादीत येते. एका मोठ्या अपडेटनंतर मी ते बटण प्रथम दाबले, तेव्हा 18 जीबी जागा मोकळी झाली. ती प्रत पुसल्यावर आधीच्या आवृत्तीकडे परतता येत नाही, म्हणून नवी आवृत्ती नीट चालते आहे याची खात्री होईपर्यंत थांबलेले बरे.

माझा निर्णय झाला तो मात्र कुकीजमुळे, म्हणजे आपली ओळख लक्षात ठेवण्यासाठी साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदींमुळे. क्लीनर दर रविवारी सफाई करताना कॅशेबरोबर कुकीजही पुसत असे आणि त्यामुळे 'हा संगणक लक्षात ठेवा' असे सांगून ठेवलेली प्रत्येक साइट आम्हाला नव्याने ओळख विचारू लागे. आमच्या घरातील ईमेलचे आणि वीजबिलाचे खाते पत्नीच्या मोबाइलला जोडलेले आहे. सोमवारी सकाळी वडील मेल उघडायला बसत, ओटीपी पत्नीच्या मोबाइलवर जाई, आणि ती त्या वेळी शाळेत वर्गावर असे. मधल्या सुट्टीत ती ओटीपी कळवी, तोवर त्याची मुदत संपलेली असे. क्लीनरमध्ये ठरावीक साइटच्या कुकीज वगळण्याची सोय होती आणि मी ती यादी काळजीपूर्वक भरली होती. परंतु क्लीनरचे अपडेट आले की यादी रिकामी होई. असे तिसऱ्यांदा झाले तेव्हा मी तो काढून टाकला. विंडोजची ही साधने क्रोम किंवा फायरफॉक्सच्या कुकीजना हात लावत नाहीत, आणि आमच्या घराच्या दृष्टीने हीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरली.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने वेग वाढतो असा अनुभव मला कधीच आला नाही. 'शेकडो दोष सापडले' असा अहवाल दर वेळी येई, ते दुरुस्त केल्यावरही संगणक सुरू व्हायला पूर्वीइतकाच वेळ लागे. मोजमाप केलेले नाही, पण रोज बसणाऱ्याला फरक जाणवला असता. रजिस्ट्री क्लीनर वापरू नयेत, अशीच मायक्रोसॉफ्टचीही भूमिका आहे.

डिफ्रॅगच्या, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइल्सचे तुकडे एकत्र जुळवण्याच्या, बाबतीत विंडोजवर विसंबणे मला अधिक सुरक्षित वाटते. 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' हे साधन डिस्कचा प्रकार ओळखते: फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कवर विखुरलेले तुकडे जुळवते, तर एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कला) मुख्यतः ट्रिमची सूचना देते, म्हणजे कोणत्या जागेतला मजकूर आता नको आहे ते कळवते. एसएसडीवर हार्ड डिस्कसारखे वारंवार डिफ्रॅग केल्याने वेगात विशेष भर पडत नाही आणि लिहिण्याची मर्यादित क्षमता मात्र खर्ची पडते. हे काम आठवड्यातून एकदा आपोआप व्हावे अशी मूळ योजना असली, तरी त्यासाठी संगणक काही वेळ चालू आणि मोकळा असावा लागतो. आमच्याकडे काम संपताच तो बंद होई, त्यामुळे हे काम शेवटचे केव्हा झाले ते दाखवणाऱ्या रकान्यात तीन महिन्यांपूर्वीची तारीख दिसत होती. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी मी ती तारीख पाहतो आणि जुनी असेल तर हाताने 'ऑप्टिमाइझ' दाबतो.

विंडोजच्या बाजूनेही एक सावधगिरी सांगायला हवी. स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स फोल्डरमधील जुन्या फाइल्स आपोआप पुसण्याचा पर्याय आहे. वडिलांची सगळी पीडीएफ बिले त्याच फोल्डरमध्ये असल्याने मी तो 'नेव्हर'वरच ठेवला आहे.

संगणक एकच व्यक्ती वापरत असेल आणि ओटीपीचा मोबाइल हाताशी असेल, तर क्लीनर कदाचित सोयीचा वाटेल. तेव्हा कुकीज आणि रजिस्ट्री या दोन्हींवरची खूण काढून टाकावी आणि प्रत्येक अपडेटनंतर ती पुन्हा तपासावी. चौघांचे घर असेल तर मी विंडोजच्याच साधनांकडे वळायला सुचवीन. हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली असेल, तर यांपैकी काहीही चालवण्याआधी फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत.