स्थिर तुकड्या की सामाईक यादी: साथीच्या काळातील देखभाल विभागाची रचना

साथरोगाची आणीबाणी जाहीर झाली की रस्ते, पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांची देखभाल सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मनुष्यबळाच्या दोन रचना येतात. पहिल्या रचनेत कर्मचाऱ्यांच्या स्थिर तुकड्या पाडल्या जातात. प्रत्येक तुकडीची माणसे, वाहन आणि पाळी ठरलेली असते आणि दोन तुकड्यांची गाठ पडणार नाही याची काळजी घेतली जाते. दुसऱ्या रचनेत सर्वांची एकच सामाईक यादी असते आणि रोज सकाळी जितके हजर असतील तितक्यांना त्या दिवसाच्या निकडीप्रमाणे कामे वाटून दिली जातात. माझ्या विभागात मी दोन्ही राबवल्या आहेत, त्यामुळे येथे जे लिहितो आहे ते मुख्यतः अनुभवावर आधारलेले आहे, मोजमापावर नव्हे.

सामाईक यादीची बाजू कमकुवत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. साथीत कामे कमी होत नाहीत, ती जागा बदलतात. कार्यालये व बाजारपेठा बंद झाल्या की तेथील पाण्याची मागणी घटते आणि निवासी भागात ती वाढते. घरोघरी ओले वाइप्स वापरले जाऊ लागले की ते शौचालयातून थेट मलवाहिनीत येतात आणि चेंबर तुंबल्याच्या तक्रारी वाढतात. उलट मीटर वाचन, रंगकाम, उद्यानांची मशागत ही कामे थांबवता येतात आणि त्यांवरची माणसे मोकळी होतात. अशा वेळी कोणाला कोठे पाठवायचे हे रोज नव्याने ठरवता येणे ही मोठी सोय असते. मोठी जलवाहिनी फुटली तर हाताशी असलेले सगळे मनुष्यबळ तेथे लावता येते, आणि गैरहजेरी वाढली तरी उरलेल्यांकडून काम चालू ठेवता येते.

असे असूनही माझे मत तिच्या विरोधात गेले, ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे. एखादा कर्मचारी बाधित निघाला की आरोग्य विभागाचा पहिला प्रश्न असतो, ‘तो कोणाकोणाबरोबर होता?’ कोविडच्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, बाधित व्यक्तीच्या एक मीटरच्या आत पंधरा मिनिटांहून अधिक काळ समोरासमोर असलेला माणूस हा संपर्क धरला जात असे, आणि हा हिशेब लक्षणे दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून करायचा असे. आमच्या कामात ही अट नेमकी कोठे पूर्ण होते? खोदकामाच्या जागी क्वचितच. ती पूर्ण होते गाडीच्या केबिनमध्ये, चहाच्या वेळी, कपडे बदलण्याच्या खोलीत. हजेरीपट यांपैकी काहीच सांगत नाही. कोण कामावर होता एवढेच त्यात असते, पण जेटिंग मशीनच्या (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मलवाहिनी मोकळी करणाऱ्या गाडीच्या) केबिनमध्ये मधल्या सीटवर कोण बसला होता याची नोंद कोणीच ठेवत नाही. सामाईक यादीत सकाळी एका कामावर गेलेला माणूस दुपारी दुसऱ्या गाडीतून तिसऱ्या ठिकाणी पोहोचलेला असतो. मग मुकादमाला विचारायचे, त्याने चालकाला विचारायचे, आणि दोघांची उत्तरे जुळली नाहीत की खबरदारी म्हणून सगळ्यांनाच घरी पाठवायचे. एका माणसाच्या अहवालासाठी अर्धा विभाग रिकामा होतो, आणि जी लवचीकता मिळावी म्हणून ही रचना निवडली तीच हातची जाते. त्यातही चीड आणणारी गोष्ट अशी की घरी गेलेल्यांपैकी बहुतेकांचा त्या बाधिताशी संबंधच आलेला नसावा, असे राहून राहून वाटत असते आणि ते सिद्ध करता येत नाही.

स्थिर तुकड्यांमध्ये हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तुकडीची यादी हीच संपर्काची यादी असते. घरी पाठवायची असते ती एक तुकडी, दुसरी कामावर येते आणि बाकीच्यांच्या दिनक्रमाला धक्का लागत नाही. माझ्या दृष्टीने हा एकच मुद्दा बाकीच्या सगळ्या गैरसोयींहून वजनदार ठरला, पण त्या गैरसोयी लहान नाहीत.

त्यांतील पहिली म्हणजे चार्ज देण्याची. दोन तुकड्यांची भेटच होऊ द्यायची नाही म्हटल्यावर तोंडी निरोप संपतो आणि सगळी मदार लॉगबुकवर येते. आपल्याकडील अनुभवी व्हॉल्व्हमन जे जाणतो ते बहुतेक वेळा त्याच्या डोक्यात असते. कोणता व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कोणता किती आटे (चाकाचे फेरे) उघडा ठेवला की शेवटच्या टोकाला दाब मिळतो, हे लिहून काढण्याची सवय नसते. ती सक्तीने लावावी लागते, आणि सुरुवातीला नोंदी ‘काम चालू, सर्व ठीक’ अशाच येतात. यावर छापील तक्ता दिला तर सुधारणा होते, असे मला आढळले. त्यात व्हॉल्व्हचा क्रमांक, आट्यांची संख्या आणि वेळ यांचे रकाने असावेत आणि शेरा लिहायला जागाच ठेवू नये.

दुसरी गैरसोय कौशल्यांची आहे. प्रत्येक तुकडीत पंप चालवणारा, वीजतंत्री, फिटर आणि चालक हवा, आणि प्रत्यक्षात वीजतंत्री बहुधा तुकड्यांपेक्षा कमीच असतात. काही कामे दुसऱ्याला शिकवता येतात. पाण्यातील अवशिष्ट (शुद्धीकरणानंतर शिल्लक राहिलेले) क्लोरीन तपासणे, पंपाच्या नोंदी घेणे, गाळण टाक्या धुणे यांत सामान्य कामगार लवकर तयार होतो. मात्र क्लोरीन वायूचे टनर (मोठे सिलिंडर) बदलणे, उच्चदाब वीज आणि मॅनहोलमध्ये उतरणे ही कामे आणीबाणीच्या नावाखाली नवख्याला देऊ नयेत. या बाबतीत मला दुसरे मत सुचत नाही.

पाळीचा आराखडा कसा असावा यावर मतभेद आहेत. इस्रायलमधील वाइझमन या विज्ञान संशोधन संस्थेतील संशोधकांनी २०२० मध्ये चार दिवस काम आणि दहा दिवस घरी असे चक्र सुचवले होते. बाधा झालेला माणूस सुरुवातीचे काही दिवस फारसा संसर्गजन्य नसतो आणि त्याचा संसर्गजन्य काळ बराचसा घरी जावा, असा त्यामागील विचार होता. तर्क पटण्याजोगा आहे, पण रोज पाणी सोडणाऱ्या विभागाला इतक्या तुकड्या पाडण्याइतके मनुष्यबळ क्वचितच असते. एक आठवडा कामावर आणि एक आठवडा घरी राखीव, हे मला जमण्यासारखे वाटले. मात्र घरी असलेल्या तुकडीला राखीव ड्युटीचे वेतन मिळेल, असा लेखी आदेश आधी हातात असावा. तो नसेल तर लेखाविभागाशी होणारा पत्रव्यवहार साथीहून लांबतो.

शुद्धीकरण केंद्रातच कर्मचाऱ्यांना मुक्कामी ठेवण्याचा तिसरा मार्गही आहे. कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड येथील निःक्षारीकरण केंद्रात (समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या केंद्रात) मार्च २०२० मध्ये दहा कर्मचारी तीन आठवडे केंद्रातच राहिले होते. मोजक्या तज्ज्ञांवर चालणाऱ्या केंद्रासाठी आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांसाठी तो ठीक आहे. रस्त्यावर, चेंबरवर फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना तो लागू होत नाही.

हे सगळे श्वसनमार्गे, माणसाकडून माणसाकडे पसरणाऱ्या आजाराला धरून आहे. पटकीची (कॉलऱ्याची) साथ असेल तर मी कदाचित उलटाच सल्ला देईन. तेथे कर्मचारी एकमेकांपासून दूर ठेवण्यापेक्षा गळत्या शोधणे आणि ग्राहकाच्या नळापर्यंत प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन पोहोचते आहे का हे रोज पाहणे महत्त्वाचे असते, आणि त्यासाठी सामाईक यादीतून जास्तीत जास्त माणसे रस्त्यावर उतरवता येतात. डेंग्यूतही तेच, कारण साचलेले पाणी घरोघर शोधायला माणसेच लागतात. तसेच विभाग अगदी लहान असेल, तुकडीत चारच माणसे येत असतील, तर एक रजेवर गेला की तुकडीच मोडते. अशा ठिकाणी सामाईक यादी ठेवून किमान प्रत्येक वाहनाची माणसे तरी कायम ठेवावीत. संपर्काचा निम्मा गोंधळ तेवढ्यानेही कमी व्हावा.

स्थिर तुकड्या निवडणाऱ्याने आदेशात आणखी एक कलम अवश्य घालावे. ही रचना साथीमुळे सहसा मोडत नाही, ती मोडते ‘आजच्यापुरता एक फिटर द्या’ या विनंतीने. विनंती रास्त असते, नाकारणे अवघड असते, आणि संध्याकाळी तो फिटर आपल्या मूळ तुकडीत परततो तेव्हा दोन्ही तुकड्या एक झालेल्या असतात. म्हणून असा उसना माणूस ते चक्र संपेपर्यंत नव्या तुकडीतच राहील, त्याची नोंद दोन्ही हजेरीपटांत त्याच दिवशी होईल आणि ही परवानगी एकाच अधिकाऱ्याच्या सहीने मिळेल, असे लिहून ठेवावे. सहीसाठी फोन करावा लागतो म्हटल्यावर निम्म्या विनंत्या मागे घेतल्या जातात, असे माझ्या पाहण्यात आले आहे.