कडकनाथच्या तलंगा म्हणून विकले काळे कोंबडे! पुण्यात पिल्लं घेणाऱ्यांनी जरूर वाचा

धायरी, नऱ्हे, आंबेगाव भागात परसात चार-पाच कोंबड्या पाळणारी बरीच घरं आहेत. नेमकं त्यांनाच गाठणारा एक विक्रेता सध्या फिरतोय. "ताई, मध्य प्रदेशातल्या झाबुआचा ओरिजिनल कडकनाथ. महिन्याची पिल्लं, सगळ्या तलंगा, निवडून देतो," असं सांगून त्याने माझ्याकडून साध्या पिल्लाच्या दुप्पट दर घेतला. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी. नवले पुलाखाली खोका हातात दिला, गुगल पेवर पैसे जमा झालेले बघितले आणि निघून गेला.

पिल्लं काळीच होती. पण घरी एकेक उताणं धरून पोटावर फुंकर मारली, तर पिसांखाली कातडी पांढरट. पायाच्या नळ्या काळपट, तळवे मात्र फिके. चोच उघडली तर जीभ गुलाबी. कडकनाथचा काळेपणा नुसता पिसांचा नसतो. कातडी, जीभ, मांस, हाडं सगळंच काळसर असतं, तुराही जांभळट-काळा. काळी पिसं, काळ्या नळ्या आणि पांढरे तळवे ही ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प या दुसऱ्याच जातीची ठेवण. फोन केला तर म्हणे, "मोठी झाली की आतून काळी पडतात." हे धादांत खोटं आहे. कडकनाथचा तो रंग जन्मापासूनच असतो.

तलंगांचं तर त्याहून वाईट. दोन महिन्यांच्या सुमारास बहुतेकांचे तुरे उंच आणि लालभडक झाले, मग शेपटीच्या मुळाशी टोकदार, चकचकीत पिसं उतरली. तलंगेची तिथली पिसं गोलसर असतात. पुढे आरवणं सुरू झालं आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीही.

एक दिवसाच्या पिल्लाचं गुदद्वार तपासून नर-मादी ओळखता येते, पण त्याला हॅचरीतला तयार हात लागतो. पंखाच्या पिसांवरून ओळखणं तर मुद्दाम तशा तयार केलेल्या संकरातच जमतं. पाय धरून उलटं टांगणं, टोकदार अंड्यातून कोंबडा निघतो म्हणणं, यात काहीही तथ्य नाही. त्यामुळे महिन्याच्या पिल्लांच्या खोक्यावर कुणी 'शंभर टक्के तलंगा' म्हणत असेल तर त्यासाठी जादा पैसा देऊ नका. अंडी हवी असतील तर तुरे आणि पिसं स्पष्ट दिसणारी, तीन महिन्यांच्या पुढची तलंगच घ्या. महाग पडली तरी चालेल.

आणि कडकनाथची अंडी काळी असतात असं सांगणाऱ्याशी तर व्यवहारच नको. कवच फिकट बदामी असतं आणि कोंबडी वर्षाला साधारण शंभरच अंडी देते. 2019 मध्ये याच कडकनाथच्या नावावर सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले, तरी हे नाव घेतलं की माणसं अजून भुलतात याचा मला फार राग येतो.

पैसे परत मागितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. त्याच्या जाहिरातीचा तोच फोटो आता दुसऱ्या नंबरवरून चाकण, मंचरच्या ग्रुपवर फिरतोय: मोठ्या काळ्या तुऱ्याचा कोंबडा, मागे निळी ताडपत्री. त्या जाहिरातीवर आगाऊ एक रुपयाही पाठवू नका.