नासाचं ‘वर्ल्डव्ह्यू’: समुद्रावरची धूळ बघायची तर इथे

टीवायच्या वर्गात एरोसॉल (हवेत तरंगणारे धूळ-धुरासारखे बारीक कण) शिकवताना मी फळ्याऐवजी हे संकेतस्थळ उघडते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, आणि उपग्रहाने टिपलेलं चित्र बहुधा काही तासांत हजर असतं.

जून 2020 ची तारीख टाका नि अटलांटिकवर जा. सहारातून उठलेला धुळीचा लोट रोज थोडाथोडा पुढे सरकत कॅरिबियनपर्यंत पोचतो. समुद्राचं पाणी वरून जवळजवळ काळं दिसतं, म्हणून त्यावरची ही पिवळट धूळ इतकी स्वच्छ उठून दिसते. मग मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाचा ‘एरोसॉल ऑप्टिकल डेप्थ’ हा नकाशावर चढणारा माहितीचा थर चालू करा. हवेतले कण सरळ येणारा प्रकाश किती अडवतात, ते त्यातला आकडा सांगतो. आकडा 1 असेल, तर सूर्य डोक्यावर असतानाही सरळ येणाऱ्या किरणांपैकी जेमतेम 37 टक्के पाण्यापर्यंत पोचतात. उरलेला सगळा प्रकाश वाया जात नाही. बराचसा विखरून खाली येतोच. मुलं नेमकी इथे अडखळतात, तेव्हा घाई करू नका.

उणिवा आहेत. ढगाखालचं काही कळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात आपला अरबी समुद्र बहुतेक कोराच. पाण्यावर सूर्य चकाकतो तिथेही पट्टे रिकामे राहतात. आणि ऊन किती वॅटने घटलं हे हा थर सांगत नाही, त्यासाठी सेरेस या येणारी-जाणारी ऊर्जा मोजणाऱ्या उपग्रहावरच्या उपकरणाची मोजमापं धुंडाळावी लागतात. तरी शिकवणाऱ्याने हे वापरायलाच हवं. फक्त मोबाइलवर नको, प्रोजेक्टरवर लावा.