बारा कोयत्यांची यादी आणि नऊ लाखांची उचल

मी वाळवा तालुक्यातला ऊस वाहतूकदार. एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मागच्या हंगामात ऊसतोड मजुरांची टोळी जमवून देणाऱ्या मुकादमानं मला नऊ लाखांना बुडवलं. आता पुढच्या हंगामाच्या उचली, म्हणजे मजुरांना आगाऊ द्यायचे पैसे, सुरू झाल्यात, म्हणून हे लिहितोय.

मुकादम जत तालुक्यातला, ओळखीतून आलेला. आषाढात घरी आला, जेवला आणि बारा कोयत्यांची यादी पुढं ठेवली. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. चोवीस जणांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स, प्रत्येकाखाली सही नाहीतर अंगठा. कोयत्याला 75 हजार ठरले. पाच लाख कारखान्यानं माझ्या नावावर दिले, चार लाख मी बायकोचे दागिने गहाण टाकून उभे केले. स्टॅम्पवर नोटरी केली आणि सगळी रक्कम रोख त्याच्या हातात दिली. तोडणाऱ्या एकाही माणसाचं तोंड मी पाहिलं नव्हतं.

दसरा झाल्यावर टोळी आणायला निघालो, त्या सकाळपासून त्याचा फोन बंद. तसाच गावाला गेलो. यादीतल्या पहिल्या घरी एक बाई ओसरीवर डाळिंबं निवडत बसली होती. नाव विचारलं तर म्हणाली, "माझंच हाय की. पर दादा, आम्ही दोन वर्सं झाली तोडीला जात न्हाई." म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी त्यांच्या शिवारात आलं होतं. झेरॉक्स खरी होती, पण आधीच्या कुठल्यातरी हंगामाला दिलेली. तिनं कागद हातात घेतला, ठशावर बोट ठेवलं आणि विचारलं, "मला सही येती. ह्यो अंगठा कुणाचा?"

अशी सात घरं निघाली. हे मला आधीच कळायला हवं होतं. पोरंबाळं घेऊन सहा महिने पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायला कुणी हौसेनं येत नाही. रानात पाणी नसतं, घरात लग्न नाहीतर दवाखाना निघालेला असतो आणि एकरकमी पैसा फक्त उचलीतून मिळतो, म्हणून माणूस येतो. पाणी आलं की येत नाही. जतच्या पूर्व भागात ते नीट पोचलंच नाही. 2022 साली तिथल्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा केली होती.

उरलेले पाच कोयते त्याच कोरड्या भागातले. तिथं एका घरी म्हातारी दोन नातवंडांना घेऊन बसलेली. लेक-सून आठ दिवसांपूर्वीच दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर कर्नाटकातल्या कारखान्याला गेले होते. माझ्या 75 हजारांतले त्यांच्या हातात पडले वीस. "बाकीचं तिकडं गेल्यावर देतो म्हणालाय," म्हातारी सांगत होती. म्हणजे त्यानं तीच जोडी दोघांना विकली होती आणि त्या नवरा-बायकोच्या डोक्यावर 75 हजारांचं कर्ज लिहून ठेवलं होतं.

अशा वेळी काही मालक मजुरांनाच गाडीत घालून आणतात, कोंडून ठेवतात. हात जोडून सांगतो, तसं करू नका. बऱ्याचदा त्यांनी पैसे घेतलेलेच नसतात. आणि घेतले असले तरी उचलीपोटी जबरीनं राबवणं हा 1976 च्या वेठबिगारी कायद्यानं गुन्हा आहे.

माझ्या तक्रारीला पोलीस ठाण्यात आधी "ही दिवाणी बाब आहे" असं उत्तर मिळालं. सात जणांनी "अंगठा आमचा नाही" असं लिहून दिलं, तेव्हा कुठं फसवणुकीचा गुन्हा नोंदला. पैसे अजून आलेले नाहीत. कारखान्याची कपात मात्र माझ्या वाहतूक बिलातून चालूच आहे.

यंदा मी उचल थेट कोयत्याच्या बँक खात्यात टाकतोय, तीही दोन हप्त्यांत. मुकादमाला फक्त त्याचं कमिशन. करार करताना नवरा-बायको दोघंही समोर हवेत, आणि त्या मुकादमाचा दुसऱ्या कुणाशी करार आहे का हे शेजारच्या कारखान्यांच्या शेती खात्यात विचारून घ्यायचं. तुमच्याकडं यादी आली असेल तर पैसे द्यायच्या आधी त्यातल्या कुठल्याही तीन घरी जाऊन या. मुकादमाला बरोबर नेऊ नका, आणि शिवारात पाणी आलंय का तेही बघा.