ट्रस्ट रद्द करण्याचा तयार मसुदा: अर्ध्याच कामाचा

खासगी कौटुंबिक ट्रस्ट मुदतीआधी बंद करण्यासाठी ऑनलाइन दस्तसेवा ‘रद्दलेखा’चे तयार मसुदे विकतात. त्यातला एक चार पानी मसुदा कलमवार तपासला. भाषा स्वच्छ, मिळकतीचं परिशिष्टही नीट. पण ट्रस्ट करणाऱ्याच्या एका सहीवर ट्रस्ट मोडतो, हे त्यात गृहीत धरलंय. घोळ तिथेच आहे.

भारतीय विश्वस्त कायदा, १८८२ चं कलम ७८ पाहा. हयातीत केलेला ट्रस्ट रद्द करायचा तर तो अधिकार मूळ डीडमध्ये (ट्रस्टच्या दस्तात) स्पष्ट राखलेला हवा; नाहीतर सगळे लाभार्थी करार करण्यास पात्र हवेत आणि सगळ्यांची संमती हवी. मसुद्यात लाभार्थ्यांच्या सह्यांना जागाच नाही. शिवाय लाभार्थ्यांत दहा वर्षांचा नातू असेल, तर वडिलांनी त्याच्या वतीने सही केली तरी ही अट पुरी होत नाही. ‘पुढे जन्मणारी नातवंडं’ असे शब्द डीडमध्ये असले तरी तीच अडचण.

ट्रस्ट करणारा वारला असेल तर कलम ५६ उपयोगी पडतं: सगळे लाभार्थी सज्ञान, पात्र आणि एकमताचे असतील तर ते विश्वस्तांकडे मिळकत आपल्या नावे करून मागू शकतात. सर्वांत जास्त कामाचा हा रस्ता मसुद्यात नाहीच, हे फार खटकलं. ट्रस्ट ठेवून फक्त अटी बदलायच्या असतील तर कलम ११. तिथेही सर्वांची संमती लागते. अल्पवयीन लाभार्थ्याच्या वतीने ती मुख्य दिवाणी न्यायालय देऊ शकतं. वकिलाची फी खर्चावी ती इथे.

फ्लॅट किंवा जमीन असेल तर नोटरी पुरत नाही. दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. मुद्रांक शुल्क किती लागेल ते सहीआधी काढून घ्या. विश्वस्तांनी आधी रीतसर केलेले व्यवहार रद्द केल्याने बुडत नाहीत (कलम ७९), म्हणून हिशेब आणि देणी आधी मिटवा. शेवटचं आयकर विवरणपत्र, परतावा, मग बँक खातं आणि पॅन, हा क्रम पाळा. खातं आधी बंद केलं की परतावा अडकतो.

सार्वजनिक ट्रस्टला ही कलमं लागू नाहीत; महाराष्ट्रात त्याचा मार्ग धर्मादाय आयुक्तांकडून जातो. मसुद्यात हा इशाराही हवा होता.

पाचपैकी दोन गुण. डीडमध्ये रद्द करण्याचा अधिकार राखलेला असेल तरच घ्या.