दिवाळी पहाटेची सुपारी: ठोक घ्यावी की सुटी, आणि यादीत काय असावं?

दिवाळी पहाटेचं विचारायला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सगळं मिळून किती घ्याल?" आकडा तिथल्या तिथे सांगू नका. आधी गाण्यांची यादी पक्की करा. यादीवर साथीदार ठरतात, साथीदारांवर गाडी, आणि गाडीवर तुमच्या हाती काय उरणार ते.

ठोक घेतली तर साथ, प्रवास, मुक्काम सगळं तुमच्या अंगावर. सुटी घेतली तर तुम्ही फक्त तुमचं मानधन सांगता, बाकीचा खर्च आयोजक परस्पर करतात.

समजा, गायक संभाजीनगरचा आणि कार्यक्रम नांदेडला; ठोक 45,000. तबला 5,000, पेटी 5,000, टाळ 2,500. जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर, 16 रुपयांनी 8,000, ड्रायव्हरचा भत्ता 500. पहाटेचा कार्यक्रम म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम आलाच, त्याचे 4,000. उरले 20,000. आता आयोजक म्हणाले, "चार-पाच सिनेमातली गाणी घ्या की." त्यासाठी कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) लागतो, प्रत्येकी 5,000. राहिले 10,000. शिवाय गाणारे-वाजवणारे सहा झाले, वाद्यं वाढली, म्हणजे मोठी गाडी. पाच गाण्यांपायी निम्मं मानधन गेलं.

म्हणून अभंग-भावगीतांची यादी असेल, साथीदार नेहमीचे असतील आणि गाव जवळ असेल (परभणीहून नांदेड, असं) तर ठोक परवडते. लांबचं गाव किंवा सिनेसंगीताचा आग्रह असेल तर सुटीच सांगा. सुटीतला धोका वेगळा: आयोजकांनी लावलेला तबलजी तुमच्या हाताखालचा नसतो. त्याला यादी, पट्टी (तुम्ही ज्या सुराला सा धरून गाता ती) आणि ताल आठ दिवस आधी पाठवा आणि आदल्या संध्याकाळी एक तालीम ठेवाच.

यादीचा विचार जागेपासून सुरू होतो. नियमाप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. बंद सभागृहाला सूट आहे. सभागृहात साडेपाचला ललत, भैरव हे पहाटेचे राग छान गाता येतात. मैदानावर सहाला सुरुवात धरा. दिवाळीत सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो, त्यामुळे भैरव तिथेही शोभतो, मग अहिर भैरव, तोडी.

पहाटे गळा जड असतो. पट्टी अर्ध्या सुराने उतरवा: नेहमीची काळी चार असेल तर पांढरी पाच घ्या, काळी एक असेल तर पांढरी एक. पहिल्या वीस मिनिटांत तार षड्जावर (वरच्या सा वर) रेंगाळणारं काही नको. मैदानावर दव पडतं, तबल्याची पुडी ओल धरून उतरते. दर दोन-तीन गाण्यांनी सूर मिळवायला निवेदकाकडे दोन मिनिटं ठेवा. दोन तासांत 14 गाणी पुरतात: सहा मिनिटांनी 84 मिनिटं, निवेदन 20, दीपप्रज्वलन आणि सत्कार 15. वीस गाण्यांची यादी नेली की शेवटची गाणी एकेका कडव्यावर उरकावी लागतात, आणि नेमकी तीच गाणी लोकांना हवी असतात.

अभंग निवडताना गाव पाहा. हिंगोलीकडे नरसीचे नामदेव, गंगाखेडला जनाबाई, पैठणला एकनाथ, तेरला गोरोबाकाका, जांबला रामदास. मराठवाड्याइतकी श्रीमंती या बाबतीत क्वचितच मिळेल, ती वापरा. जनाबाईच्या दळणाच्या रचना तर पहाटेच्याच. पेटी बाजूला ठेवून नुसत्या टाळावर एक घ्या, पुढचे श्रोते आपोआप ताल धरतात. बीड-संभाजीनगरात गझलेला कान आहे, पण ती संध्याकाळच्या मैफलीला जास्त रंगते. सिनेमातली गाणी घ्यायचीच तर दोन, आणि तबला-पेटीवर उभी राहतील अशीच. शेवटच्या भैरवीनंतर फर्माईश घेऊ नका. ती आधी, दहाव्या गाण्याच्या आसपास मागून घ्या.

व्यवहार व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: वेळ, गाण्यांची संख्या, साथीदार, साउंड कोणाचा, मॉनिटर (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठीचे स्पीकर) किती. बँक किंवा कंपनी असेल तर टीडीएस कापून आकडा किती येईल, तेही. निम्मी रक्कम तारीख देताना, उरलेली साउंड चेकच्या वेळी. कार्यक्रम संपला की फराळाची गडबड सुरू होते, आणि साथीदार मात्र गाडीत बसण्याआधी तुमच्याकडेच पैसे मागतात.